आतल्या बाजूची उडी

एवारिस्तो चापार्रो माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या गावात त्याच्याबद्दल पहिल्यांदा दुसरंच सांगतात. तो फुटबॉल शिवायचा. बत्तीस तुकडे, दोन सुया, मेण लावलेला दोरा, आणि शेवटची गाठ अशी आत ओढून घ्यायची की चेंडू कुठे मिटला ते शिवणाऱ्यालाही सापडू नये. नवव्या वर्षापासून हेच करत आला होता आणि आता शेहेचाळीसचा झाला होता. एवढ्या वर्षांत एकही चेंडू त्याने अर्धा टाकला नाही. बाकी मात्र सगळं टाकलं.

सैन्यात गेला तो तिसऱ्या आठवड्यात परत, कारण बराकीला बाहेरून कडी लावायचे. खालच्या शहरात पोलादाच्या कारखान्यात लागला, अकरा दिवस टिकला. लग्न ठरलं. मुलीच्या घरी मामालोकांचं बोलणं लांबलं, कुणीतरी थंडी वाजते म्हणून दार लोटून घेतलं, तेव्हा हा 'सिगारेट घेऊन येतो' म्हणून उठला तो आजतागायत आलेला नाही. त्या मुलीला आता तीन पोरं आहेत. बाजारात हा दिसला की ती अजून विचारते, "काय रे, मिळाली का सिगारेट?"

दार बंद झालं की त्याचा श्वास छातीत अडकायचा. खरी गोष्ट एवढीच होती. पण सांगायची कुणाला? एवढा मोठा बाप्या 'मला कोंडल्यासारखं होतं' म्हणाला असता तर गाव पोट धरून हसलं असतं. त्यापेक्षा पळपुटा म्हणवून घेतलेलं त्याला परवडायचं.

आमच्या चर्चचं पुरुषांचं रिट्रीट, म्हणजे प्रार्थनेचा एकांतवास, वर्षातून एकदा होतं. डोंगरावर जुन्या मठाचं घर आहे, भोवती दीड पुरुष उंच भिंत. शुक्रवारी संध्याकाळी आत जायचं, रविवारी दुपारी बाहेर यायचं. आत शिरताच घड्याळं आणि फोन कापडी पिशवीत टाकायचे, पडदे ओढलेले असतात, किती वाजले कुणी सांगत नाही. रविवारी फाटक उघडतं तेव्हा घरची माणसं बाहेर दोन रांगा करून उभी असतात, प्रत्येकाच्या हातात पेटलेली मेणबत्ती. आतले एकेक करून गात बाहेर येतात आणि जो तो आपापल्या मेणबत्तीपाशी जातो.

चार वर्षांपूर्वी एवारिस्तो गेला होता. शनिवारीच स्वयंपाकघरामागच्या भिंतीवरून बूट हातात धरून पसार झाला. रविवारी त्याची आई, एर्मेलिंदाबाई, रांगेत उभी. अडतीस माणसं बाहेर आली. गाणं संपलं, मिठ्या संपल्या, लोक गाड्यांत बसले, झाडणारी बाई झाडू घेऊन आली, तरी ही मेणबत्ती धरून उभीच. तिचा लाडका त्या वेळी शेजारच्या गावात सामना बघत होता! घरी आल्यावर उरलेलं मेणबत्तीचं बोटभर थोटूक तिने त्याच्या खाटेसमोरच्या फळीवर ठेवलं. ते अजून तिथेच होतं. चार वर्षं रोज सकाळी डोळे उघडले की पहिलं ते दिसायचं.

या वर्षी एकदा भांडी घासता घासता ती एवढंच म्हणाली, "मला त्या फाटकाशी अजून एकदा उभं राहायचंय." अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी. याने मुकाट्याने नाव दिलं.

शुक्रवारी फाटकात अबेलार्दोसाहेब उभे होते. बाजारातलं लोखंडी सामानाचं मोठं दुकान त्यांचं, आणि रिट्रीटचे प्रमुखही तेच. माणूस भला, पण आपल्याला देवाच्या मनातलं कळतं अशी त्यांची पक्की खात्री. "आला का आमचा उडीवाला!" त्यांनी याला छातीशी आवळलं. "यंदा भिंतीवर काचा बसवल्यात हां. खास तुझ्यासाठी."

सगळे हसले. एवारिस्तोही हसला. मागे फाटकाला कुलूप लागलं तो आवाज त्याच्या थेट बरगड्यांत गेला.

पण सोसलं त्याने. प्रवचनं सोसली, चाळीस बाप्यांचं एकमेकांच्या गळ्यात पडून रडणं सोसलं. शेजारच्या खाटेवर कुस्तोदियो नावाचा बटाट्याच्या ट्रकचा ड्रायव्हर होता, त्याचं घोरणंसुद्धा सोसलं. बोटांना सुई हवी होती म्हणून अंगावरच्या रुआनाचे, म्हणजे जाड लोकरी पांघरुणाचे, काठ उसवत आणि पुन्हा गुंफत बसला. श्वास अडकला की फळीवरचं थोटूक आठवायचा. रविवार म्हणजे काय, एक चेंडूच, तो मनाशी म्हणाला, गाठ मारेपर्यंत उठायचं नाही. आणि जेवण, ते मात्र झकास होतं, खोटं कशाला बोला! शनिवारी दुपारी मटणाचा रस्सा आणि उकडलेले बटाटे, दोन वेळा ताट भरून घेतलं त्याने.

जेवणानंतर पत्रं वाटली.

ही आमच्याकडची रीत. रिट्रीटला गेलेल्या माणसासाठी घरचे गुपचूप पत्र लिहितात, आणि त्याच्यासाठी आपण काय सोडलं ते त्यात सांगतात. कुणी तीन दिवस कॉफी सोडतं, कुणी जमिनीवर झोपतं, कुणी उघड्या गुडघ्यांवर जपमाळ करतं. बाहेरच्यांनी सोसायचं आणि आतल्याचं मन देवाकडे वळायचं. कुस्तोदियोच्या बायकोने त्याच्यासाठी टीव्हीवरची मालिका सोडली होती. "ऐन शेवटच्या आठवड्यात!" तो डोळे पुसत म्हणाला. "असं प्रेम पाहिलंय का कुणी?"

एवारिस्तोच्या पाकिटात वहीचं एकच पान होतं. दोन इयत्ता शिकलेल्या बाईचं अक्षर, रेघ सोडून वर चढणारं.

'बाळा एवारिस्तो, तू आत गेलास की मी जेवण सोडणार आहे. तू रविवारी सगळ्यांबरोबर फाटकातून बाहेर येशील तोवर पाण्याशिवाय काही घेणार नाही. गोळ्या घेईन, डॉक्टरीणबाईंना शब्द दिलाय. तू पोटभर जेव. तिथे जेवण चांगलं असतं म्हणतात. तुझी आई.'

त्याने ते दोनदा वाचलं. त्या गोळ्या शुगरच्या. डॉक्टरीणबाईंनी त्याच्यासमोर बोट नाचवून सांगितलं होतं, या गोळ्या उपाशीपोटी घेतल्या तर साखर एकदम खाली येते, म्हातारं माणूस बसल्या जागी जातं. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार दुपार. आणि हा इकडे दोन ताटं रस्सा जेवला होता.

तो तडक अबेलार्दोसाहेबांकडे गेला. "साहेब, मला घरी जायला पाहिजे."

"शनिवार दुपार," साहेब घड्याळ नसलेल्या मनगटाकडे बघून हसले. "अगदी वेळेवर बघ. पत्र वाचलं की प्रत्येकाला घर आठवतं."

"तसं नाही हो. आई उपाशी आहे. गोळ्या घेतेय आणि उपाशी आहे!"

साहेबांनी पत्र घेतलं, वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. पानाची पापी घेतली त्यांनी. "काय आई आहे रे! आणि एवढं पुण्य तू लाथाडायला निघालास?"

"निदान फोन करा. शेजाऱ्यांना करा."

"फोन फक्त मयताचा असतो इथे. नियम आहे."

"अहो, मयत व्हायच्या आधी करायचाय मला!"

"हे तू नाही बोलत," साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, "तो बोलतोय. त्याला तुझी उडी पाहिजे." तो म्हणजे सैतान. आता सांगा, अशा माणसापुढे काय डोकं फोडायचं? हा जेवढा काकुळतीला येई तेवढे साहेब जास्त प्रेमाने हसत. दुसरा कुणी असता तर कदाचित ऐकलंही असतं. पण सिगारेट आणायला गेलेल्या माणसाचं कोण ऐकणार?

त्यांनी त्याला हाताला धरून मोठ्या खोलीत नेलं आणि पत्र सगळ्यांपुढे वाचायला लावलं. एवारिस्तोला वाटलं, चला, चाळीस जण आहेत, एखादा तरी चपापेल. त्याने वाचलं. खोलीभर हुंदके सुरू झाले. टाळ्या पडल्या.

"अहो, गोळ्या!" तो ओरडला. "गोळ्यांचं ऐकलंत का कुणी?"

"आलेलुया!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि गिटारवाल्याने गाणं सुरू केलं. एकामागून एक येऊन मिठ्या मारू लागले. त्या मिठ्यांच्या गर्दीत त्याला वाटलं की आपण इथेच गुदमरून मरणार, आणि तिकडे ती मरणार, आणि हे लोक गातच राहणार.

शेवटची मिठी कुस्तोदियोची. पण तो रडत नव्हता. कानाशी म्हणाला, "माझी सासू अशीच गेली. रिकाम्या पोटी गोळी घेतली, कोंबड्यांना दाणे टाकता टाकता पडली. मागच्या दाराने ये."

भिंतीशी कुस्तोदियोने दोन्ही हात गुंफून पायरी केली. एवारिस्तोने रुआना काढून काचांवर टाकली आणि वर चढला.

"परत येणार ना?"

"माहीत नाही."

"मग रुआना राहू दे वर. आलास तर लागेल," कुस्तोदियो म्हणाला. "आणि गेलेलं कळू देऊ नको कुणाला. मध्ये बाहेर पडलेल्याला पुन्हा घेत नाहीत."

पायवाटेने चालत जायला पाऊण तास लागतो, हा धावत निम्म्या वेळात खाली आला. बाहेर ऊन होतं, बटाट्याची शेतं होती, मोकळा वारा होता. एरवी या वाऱ्यासाठी त्याने जीव टाकला असता. आज त्याला ते काही दिसलंसुद्धा नाही.

घराचं दार उघडं होतं. आई दारातल्या खुर्चीत बसलेली, अंगावर दोन शाली, कपाळावर घामाचे थेंब, मांडीवरचे हात थरथरत होते. धाकटी बहीण रोसाल्बा मक्याच्या पातळ पेजेचा वाडगा धरून समोर उकिडवी बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी कधीच आटून गेलं असावं.

"दादा!" ती उठली. "कालपासून तोंडात काही घालू देत नाहीये. गूळ घातलाय पेजेत, तरी दात आवळून बसलीय. मी फोन केला रे तिथे. मयत आहे का म्हणाले. नाही म्हटलं तर ठेवून दिला."

आईने मान वर केली. "आलात का, अनिबाल?" अनिबाल म्हणजे एवारिस्तोचा बाप, त्याला जाऊन वीस वर्षं झाली होती.

"आई, मी आहे. एवारिस्तो. तोंड उघड, पेज घे."

तिने डोळे बारीक केले. ओळख पटली, आणि तिचा चेहरा असा पडला की तो त्याला जन्मभर विसरता येणार नाही. "पळून आलास."

"तुझ्यासाठी आलो गं!"

"दर वेळी कशासाठी तरीच येतोस." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "मी देवाला सांगितलंय, तू फाटकातून येशील तेव्हा खाईन. तू आता इथे. म्हणजे आता मी खायचं कधी? सांग ना, कधी?"

त्याने पाय धरले. रागावला. वाडगा तिच्या ओठाला लावला, तर पेज हनुवटीवरून शालीवर सांडली. शेहेचाळीस वर्षं तो बंद दारांतून निसटत आला होता, आणि हे दार उघडं होतं तरी त्यातून बाहेर पडायला वाटच दिसेना.

मग तो उठला. "बरं. मी परत जातो वर. भिंतीवरून आत शिरतो. उद्या सगळ्यांबरोबर बाहेर येईन. पण तू आत्ता खायचंस."

"तू जा. मग खाते."

"मी गेल्यावर तू खाल्लंस की नाही मला कसं कळणार?"

"आणि तू गेलास की कुठे सामना बघायला बसलास, मला कसं कळणार?"

रोसाल्बा कपाळावर हात मारून म्हणाली, "अरे मेल्यांनो, एक पाऊल, एक चमचा! करा तसं आणि संपवा एकदाचं!"

खरंच तसंच झालं. एवारिस्तो आईकडे तोंड करून उंबऱ्याबाहेर एक पाऊल मागे सरकला. रोसाल्बाने चमचा भरला. आईने त्याच्या पायाकडे बघितलं आणि तोंड उघडलं. दुसरं पाऊल, दुसरा चमचा. तो आणखी मागे गेला, दगडी रस्त्यावर, उलटा चालत, धडपडत. समोरच्या दुकानातली बाई बाहेर येऊन बघू लागली. "काय रे, आता काय आणायला निघालास?" तिने विचारलं. त्याचे डोळे त्या चमच्यावर होते. वेंधळ्यासारखा थांबला की आई तोंड मिटायची. पुढे पुढे तिचे हात थरथरायचे थांबले. बेकरीच्या कोपऱ्याशी पोचेपर्यंत ती स्वतः चमचा धरू लागली होती. तो कोपऱ्यावर थांबला. लांबून तिने हाताने खूण केली, जा.

तो वळला. आता ती दिसत नव्हती. तो डोंगर चढू लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंडून घ्यायला स्वतःच्या पायांनी चालत निघाला. मधे एकदा सामन्याच्या मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला. त्याने तिकडे मान वळवली नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं.

रुआना भिंतीवरच होती. बाहेरच्या बाजूने दगडाच्या भेगांत पाय रोवत तो वर चढला, तळहात काचेने कापला, आणि भिंतीवर दोन्हीकडे तंगड्या टाकून बसला, तेवढ्यात खालून, आतून, आवाज आला.

"सापडलास!" अबेलार्दोसाहेब दोन सेवकांना घेऊन उभे होते. "बघा, बघा! अगदी ऐन वेळी पकडला देवाने!"

एवारिस्तोने तोंड उघडलं. मी आत येतोय, बाहेर जात नाहीये, हे त्याच्या जिभेवर होतं. पण मग बाहेर पडलो होतो हे कळलं असतं, नियम निघाला असता, उद्या सगळ्यांबरोबर फाटकातून येणं राहिलं असतं. साहेबांच्या मागे कुस्तोदियो 'नको' अशी मान हलवत होता. एवारिस्तोने तोंड मिटलं.

"चुकलो साहेब," तो म्हणाला आणि आतल्या बाजूला उडी टाकली.

त्याला कोपऱ्यातल्या छोट्या खोलीत ठेवलं. हातावर फडकं बांधलं, प्रेमानेच सगळं, आणि बाहेरून कडी लावली. दाराशी खुर्ची टाकून एक सेवक बसला. एवारिस्तोचा श्वास अडकला. भिंती अंगावर आल्या. आईने कोपऱ्यानंतर खाल्लं असेल का, का वाडगा बाजूला सारला असेल? कळायला मार्ग नव्हता. तो खाटेवर बसून हवेत चेंडू शिवू लागला, एकेक टाका, एकेक तुकडा. एक झाला की दुसरा. रविवार उजाडला तेव्हा त्याचा कितवा चेंडू चालला होता देव जाणे.

फाटक उघडलं. गात गात माणसं बाहेर पडू लागली. एवारिस्तोला दोन सेवकांच्या मध्ये, अगदी शेवटी ठेवला होता. रांगेतल्या एकेका मेणबत्तीपाशी आपापलं माणूस पोचलं. तो उंबऱ्याशी आला आणि बाहेर पाय टाकायला घाबरला. आजवर तो आत राहायला घाबरायचा.

ती रांगेच्या टोकाला होती, घरातली खुर्ची आणून बसवलेली. रोसाल्बाच्या हातात मेणबत्ती, तेच बोटभर थोटूक, फळीवरचं. आणि आईच्या मांडीवर तोच वाडगा, झाकण ठेवलेला.

तो धावत गेला. झाकण उचललं. अर्धी पेज तशीच, थिजलेली, वर साय धरलेली.

"आई! हे काय गं?"

"कोपऱ्यापर्यंतच दिसलास," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शुद्धीवरचा. "पुढचं कशावरून धरायचं? गोळी नाही घेतली मग. रोसाल्बाने लपवून ठेवल्या."

त्याने फडकं बांधलेल्या हाताने चमचा उचलला.

तेवढ्यात अबेलार्दोसाहेब आले, चेहरा आनंदाने फुललेला. "एर्मेलिंदाबाई, तुमच्या उपासाचीच ही पुण्याई! काल संध्याकाळी हा भिंतीवर चढून पळत होता. अगदी अर्धा पलीकडे गेला होता, आम्ही धरला."

आजूबाजूची माणसं बघू लागली. कुणीतरी हसलं. एवारिस्तोने मान खाली घातली. सवयच होती त्याला.

आईने साहेबांकडे बघितलं. मग त्याच्या हाताच्या फडक्याकडे बघितलं, बराच वेळ.

"पळत नव्हता तो," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आत येत होता."

आणि तिने तोंड उघडलं.